भाजलेल्या रुग्णाला होणारे विषाणूसंसर्ग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भाजलेला माणूस रुग्णालयात दाखल झाला की घरच्यांच्या कानावर पहिल्या दिवसापासून ‘इन्फेक्शन’ हा शब्द पडत राहतो. बहुतेक वेळा त्याचा अर्थ जिवाणू किंवा बुरशी असा असतो, आणि जिवाला मोठा धोकाही त्यांचाच असतो. पण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कधीतरी कोणी ‘व्हायरल आहे’ म्हणतं आणि घरचे गोंधळतात. नातेवाइकांकडून आणि रुग्णांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. तुमच्या रुग्णाचे उपचार त्याच्या जखमा रोज पाहणारे डॉक्टरच ठरवतील. त्यांना नेमकं काय विचारायचं, हे या पानावरून कळावं एवढीच इच्छा आहे.

१. जखम पट्टीत झाकलेली असते, मग विषाणू आत शिरतोच कसा?

बऱ्याचदा तो बाहेरून शिरतच नाही. हर्पीस, सायटोमेगॅलो (सीएमव्ही) आणि कांजिण्यांचा विषाणू हे तिघे एका कुळातले. यातला कोणताही एकदा शरीरात आला की आयुष्यभर राहतो, कुठल्या तरी नसेच्या गाठीत किंवा रक्तपेशीत निपचित पडून. रोगप्रतिकारशक्तीतल्या टी पेशी त्याला दाबून ठेवतात. मोठ्या भाजण्यानंतर नेमक्या याच पेशींची संख्या आणि ताकद घटते. शरीर अनेक आठवडे प्रचंड ताणाखाली असतं, कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक वाढलेलं असतं, प्रथिनं जखमांमधून वाहून जात असतात. अशा वेळी जुना विषाणू डोकं वर काढतो. त्यातच त्वचेचा अडसर नाहीसा झालेला असतो, त्यामुळे जागा झालेला विषाणू उघड्या, ओल्या जखमेवर सहज पसरतो.

२. म्हणजे रुग्णालयाच्या निष्काळजीपणामुळे झालं असं म्हणता येणार नाही?

प्रत्येक वेळी नाही. हर्पीस आणि सीएमव्ही बहुधा रुग्णाच्या स्वतःच्या शरीरातूनच उठतात. दडून राहिलेला कांजिण्यांचा विषाणू उठला तर नागीण होते. कांजिण्या, गोवर, फ्लू, कोविड, जुलाबाचे विषाणू मात्र दुसऱ्या माणसाकडूनच येतात, आणि तिथे वॉर्डाची शिस्त, हात धुणं, आजारी माणसाला वेगळं ठेवणं याला फार महत्त्व आहे. दोष कोणाला द्यायचा हे ठरवण्याआधी विषाणू कोणता ते विचारा.

३. नेमके कोणते विषाणू त्रास देतात?

जखमेवर सर्वांत जास्त दिसतो तो हर्पीस सिम्प्लेक्स (प्रश्न ७ ते ११). मोठ्या भाजण्यात रक्तात आणि आतल्या अवयवांत आढळणारा सायटोमेगॅलो, म्हणजे सीएमव्ही (प्रश्न १२). मुलांच्या वॉर्डात सगळ्यांची झोप उडवणाऱ्या कांजिण्या (प्रश्न १३). श्वसनमार्गाचे नेहमीचे विषाणू, विशेषतः धूर आत गेलेल्या किंवा व्हेंटिलेटरवरच्या रुग्णात. आणि रक्तातून पसरणारे हिपॅटायटिस बी, सी व एचआयव्ही (प्रश्न १७ ते १९). हर्पीसच्याच कुळातल्या एचएचव्ही-६सारखे आणखीही काही विषाणू जागे होताना आढळतात, पण त्यांच्यामुळे उपचार क्वचितच बदलतात.

४. आमच्या रुग्णाला धोका जास्त आहे का, हे कशावरून समजायचं?

भाजल्याचं क्षेत्र जितकं मोठं आणि खोल, तितकी प्रतिकारशक्ती जास्त आणि जास्त काळ दबलेली. चेहरा व मान भाजली असेल तर हर्पीसचा धोका वाढतो, कारण तो विषाणू चेहऱ्याच्या नसांच्या गाठीतच राहतो. धुराने श्वासनळी भाजलेली असणं, फार लहान किंवा फार उतारवय, कुपोषण, अनियंत्रित मधुमेह, आधीपासून चालू असलेली स्टिरॉइड किंवा केमोथेरपी, या सगळ्यांनी धोका वाढतो. हातावर चहा सांडून छोटीशी जागा भाजलेल्या निरोगी माणसाने सीएमव्हीची काळजी करत बसू नये.

५. रोज ताप येतोय. हा व्हायरल ताप आहे का?

नुसत्या तापावरून कोणालाच सांगता येणार नाही. मोठ्या भाजण्यानंतर शरीराचं तापमान नियंत्रित करणारं केंद्रच वरच्या पातळीवर जाऊन बसतं. संसर्ग नसतानाही ३८.५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान राहू शकतं, नाडी जलद असते, पांढऱ्या पेशी वाढलेल्या असतात. म्हणून अनुभवी डॉक्टर आकड्यापेक्षा बदलाकडे पाहतात. काल जेवणारा माणूस आज जेवत नाहीये का, गुंगीत आहे का, लघवी कमी झाली का, प्लेटलेट घसरल्या का.

असा बदल दिसला की आधी जिवाणू आणि बुरशी शोधतात, कारण तिथे उशीर सर्वांत महागात पडतो. रक्त, लघवी, थुंकी आणि जखमेचं कल्चर (नमुन्यातले जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) पुन्हा पुन्हा निगेटिव्ह येत असेल, अँटिबायोटिक बदलूनही ताप हटत नसेल, तर “विषाणूची तपासणी झाली आहे का?” हा प्रश्न तुम्ही जरूर विचारा. तो विचारल्याने कोणाचा अपमान होत नाही.

६. इतकी अँटिबायोटिक चालू असताना संसर्ग झालाच कसा?

अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतात, विषाणूंवर अजिबात नाही. जखमेवर लावतात ते सिल्व्हर सल्फाडायझिनचं मलमही जिवाणूंसाठीच असतं. तरीही विषाणू सापडल्यावर डॉक्टर अँटिबायोटिक लगेच बंद करतीलच असं नाही. विषाणूने पोखरलेल्या जागेत जिवाणू मागोमाग शिरतात, अनेकदा दोन्ही एकत्रच असतात.

७. भरत आलेल्या जखमेवर पुन्हा बारीक फोड आलेत. हर्पीस आहे की साधे फोड, कसं ओळखायचं?

हा प्रश्न फार मोलाचा आहे, कारण हे फोड बहुधा आधी घरच्यांना किंवा ड्रेसिंग करणाऱ्या सिस्टरना दिसतात.

नव्या कातडीवर साधे फोडही खूप येतात. ती कातडी अजून खालच्या थराला घट्ट चिकटलेली नसते. कपडा घासला, पट्टी ओढली गेली, कुठे दाब पडला की तिथे एखादा फोड उठतो. तो सुटा असतो, बराचसा मोठा, आत स्वच्छ पाणी, आणि घासणाऱ्या जागीच येतो. आजूबाजूची कातडी शांत असते.

हर्पीसचे फोड पुंजक्याने येतात. बारीक, साधारण सारख्या आकाराचे, लाल पायावर, काहींच्या मध्यभागी खळगा. ओल्या जखमेवर ते फार वेळ टिकत नाहीत. कधी फोड दिसतच नाहीत, थेट उथळ, गोल, कडा कापून काढल्यासारखे व्रण दिसतात. त्यांत वेदना आणि आग जास्त. सहसा भाजल्यानंतर दुसऱ्या आठवड्यापासून पुढे, आणि बहुधा अशा जागी जी मधल्या खोलीची होती आणि छान भरत आली होती. नाक-ओठांभोवतालचा भाग आणि ग्राफ्टसाठी, म्हणजे जखमेवर लावण्यासाठी, जिथून कातडी काढली ती जागा, म्हणजे डोनर साइट, इथे विशेष लक्ष ठेवा.

खात्री तपासणीनेच होते. ताजा फोड उघडून त्याच्या तळाचा स्वॅब पीसीआरला, म्हणजे विषाणूचा जनुकीय अंश शोधणाऱ्या चाचणीला, पाठवतात. सुकलेल्या खपलीवरून घेतलेला नमुना निगेटिव्ह आला तरी त्यावर विसंबता येत नाही. काही ठिकाणी झँक स्मिअर करतात, म्हणजे फोडाच्या तळाच्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. तो झटपट होतो, पण हर्पीस आणि कांजिण्या-नागीण यांतला फरक सांगू शकत नाही. म्हणून फोड दिसला की त्याच दिवशी दाखवा. पुढच्या ड्रेसिंगपर्यंत थांबू नका आणि फोड स्वतः फोडू नका.

८. रिपोर्टमध्ये ‘हर्पीस’ लिहिलंय. आमच्या घरात असं काही नाही. लोक काय म्हणतील?

हा प्रश्न बहुतेक जण दबक्या आवाजात विचारतात, म्हणून उत्तर मोकळेपणाने देते. भाजलेल्या जखमेवर सापडणारा हर्पीस सहसा एचएसव्ही-१ या प्रकारचा असतो. तो लहानपणीच लाळेतून येतो : कोणी मुका घेतला, भावंडाचं उष्टं खाल्लं. जगातल्या ५० वर्षांखालच्या साधारण दोनतृतीयांश लोकांच्या शरीरात तो आहे, आणि त्यातल्या अनेकांना कधीच काही लक्षण दिसलेलं नसतं. या रिपोर्टवरून कोणाच्या चारित्र्याबद्दल काहीही सिद्ध होत नाही. रुग्ण आधीच वेदनेने आणि चेहरामोहरा बदलण्याच्या भीतीने खचलेला असतो. त्याच्यासमोर या शब्दावरून कुजबुज करू नका. एखाद्या नातेवाइकाने केली तर त्याला तिथेच थांबवा.

९. हर्पीसमुळे जखम पुन्हा खोल होते का? लावलेली कातडी निघून जाईल का?

होऊ शकतं. आपोआप भरली असती अशी मधल्या खोलीची जखम हर्पीसमुळे पूर्ण खोलीची होऊ शकते, आणि मग तिथे त्वचारोपण करावं लागतं. डोनर साइट भरायला वेळ लागतो, ग्राफ्टचा काही भाग गळू शकतो, जखमेची खूण जास्त राहते. म्हणूनच लवकर ओळखणं इतकं महत्त्वाचं आहे. पण सगळ्यांच्या बाबतीत असं होत नाही. फोड थोडे असतील आणि औषध वेळेवर सुरू झालं, तर बहुतेक जखमा पुन्हा भरतात. त्या काळात सर्जन ठरलेली शस्त्रक्रिया पुढे ढकलू शकतात. जागी विषाणू वाढत असताना लावलेली कातडी धरत नाही, त्यामुळे असा निर्णय म्हणजे चालढकल नव्हे.

१०. तोंडात फोड नाहीत, तरी श्वासनळीत हर्पीस सापडला म्हणतात. हे कसं?

धुराने भाजलेल्या किंवा बरेच दिवस नळी घातलेल्या रुग्णात विषाणू घशातून खाली उतरतो. श्वासनळीचा आतला थर आधीच सोललेला असतो. व्हेंटिलेटर निघता निघत नाही, घट्ट कफ येत राहतो, कल्चरमध्ये काही सापडत नाही. तेव्हा दुर्बीण घालून आतले व्रण पाहतात आणि नमुना घेतात. इथे एक अडचण असते. गंभीर आजारी माणसाच्या लाळेत विषाणू नुसताच, काही इजा न करता, आढळू शकतो. म्हणून पीसीआर पॉझिटिव्ह आला की प्रत्येकाला औषध देतात असं नाही. व्रण दिसतात का, फुफ्फुस बिघडतंय का, हे जुळवून ठरवतात.

११. चेहरा भाजलाय आणि आता एक डोळा लाल झालाय. औषधाच्या दुकानातून थेंब आणून घालू का?

नाही. डोळ्याच्या बुबुळावरचा हर्पीस नजर घालवू शकतो, आणि स्टिरॉइड असलेले थेंब घातले तर तो झपाट्याने पसरतो. पापण्या भाजल्यामुळे डोळा नीट मिटत नसेल तर बुबुळ कोरडं पडूनही लाल होतं. दोन्ही शक्यता तातडीच्याच. डोळ्याच्या डॉक्टरांना त्याच दिवशी बोलवायला सांगा. ते रंगाचा थेंब घालून, निळ्या प्रकाशात फांद्यांसारखा व्रण दिसतो का ते पाहतात.

१२. सीएमव्ही म्हणजे काय, आणि रिपोर्टमध्ये आयजीजी पॉझिटिव्ह आलंय तर घाबरायचं का?

सीएमव्ही बहुतेक प्रौढांच्या शरीरात असतोच. आयजीजी म्हणजे विषाणूशी लढायला शरीराने बनवलेले प्रतिपिंड. ते पॉझिटिव्ह म्हणजे तो पूर्वी कधीतरी येऊन गेला एवढंच. आज तो त्रास देतोय की नाही, हे त्यावरून कळत नाही. ते कळण्यासाठी रक्तातल्या विषाणूचं प्रमाण मोजणारी पीसीआर लागते, आणि एका आकड्यापेक्षा तो आकडा वाढतोय की घटतोय हे जास्त बोलकं असतं.

मोठ्या भाजण्यात तो साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्याच्या सुमाराला जागा होतो. बऱ्याच रुग्णांत तो रक्तात दिसतो आणि आपणहून शांत होतो. काहींमध्ये मात्र कारण न सापडणारा ताप, घसरत्या पांढऱ्या पेशी व प्लेटलेट, वाढलेली यकृताची एन्झाइम, न्यूमोनिया, रक्तमिश्रित जुलाब असं चित्र दिसतं. अशा वेळी उपचार करावे लागतात. जखमेवर त्याचे फोड सहसा येत नाहीत, म्हणून तो लक्षात यायला उशीर होतो. आतड्याचा किंवा फुफ्फुसाचा तुकडा तपासला तर घुबडाच्या डोळ्यांसारख्या दिसणाऱ्या मोठ्या पेशी सापडतात. तो भक्कम पुरावा मानला जातो.

घरात कोणी गरोदर असेल तर या विषाणूबाबत प्रश्न २० जरूर वाचा.

१३. वॉर्डात शेजारच्या मुलाला कांजिण्या आल्या. आमच्या मुलाचं काय?

सर्वांत आधी हे आठवा : तुमच्या मुलाला कांजिण्या येऊन गेल्या आहेत का, किंवा लशीचे दोन डोस झाले आहेत का? लसीकरणाचं कार्ड घरी असेल तर फोटो मागवा. यापैकी एक जरी खात्रीने झालं असेल तर धोका खूप कमी.

दोन्ही नसेल तर डॉक्टरांना लगेच सांगा, कारण इथे तासांचा आणि दिवसांचा हिशेब असतो. कांजिण्या हवेतून पसरतात. पुरळ दिसण्याच्या १ ते २ दिवस आधीपासूनच मूल संसर्ग देत असतं आणि सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत देत राहतं. म्हणजे शेजारच्या मुलाच्या अंगावर पुरळ दिसलं तेव्हा तुमचं मूल बहुधा आधीच संपर्कात येऊन गेलेलं असतं. ज्यांची प्रतिकारशक्ती दबलेली आहे त्यांना तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन देता येतं. ते जितकं लवकर तितकं चांगलं, आणि जास्तीत जास्त १० दिवसांच्या आत. निरोगी भावंडांना संपर्कानंतर ३ ते ५ दिवसांत लस दिली तर आजार टळू शकतो किंवा सौम्य होतो. ही लस जिवंत विषाणूची असते, त्यामुळे गंभीर भाजलेल्या मुलाला त्या वेळी ती सहसा देत नाहीत.

संपर्कात आलेल्या, संरक्षण नसलेल्या मुलाला ८व्या ते २१व्या दिवसापर्यंत वेगळ्या खोलीत ठेवतात. प्रतिपिंडांचं इंजेक्शन दिलं असेल तर २८व्या दिवसापर्यंत, कारण त्या इंजेक्शनाने आजार उशिरा येऊ शकतो. मुलाला काहीच झालेलं नाही, तरी एकटं का ठेवलंय म्हणून आयांचा जीव कासावीस होतो, ते समजण्यासारखंच आहे. पण त्याच वॉर्डात ज्यांची निम्मी कातडी गेली आहे अशी मुलं असतात, आणि त्यांच्यासाठी कांजिण्या जिवावर बेतू शकतात.

मुलाला आजार आलाच तर फोड साध्या कातडीसारखेच भरत आलेल्या जखमांवर आणि डोनर साइटवरही येतात. असायक्लोव्हिर हे विषाणूवरचं औषध पुरळ दिसल्यापासून २४ तासांत सुरू झालं तर सर्वांत उपयोगी. तापासाठी अ‍ॅस्पिरिन अजिबात देऊ नका. कांजिण्या किंवा फ्लू झालेल्या मुलांत त्यामुळे रे सिंड्रोम हा यकृत आणि मेंदूवर आघात करणारा आजार होऊ शकतो.

१४. बाळाला थोडंसंच भाजलं, तिसऱ्या दिवशी ताप आणि अंगभर पुरळ आलं. ‘व्हायरल असेल’ म्हणून थांबू का?

थांबू नका. हे उत्तर या पानावरचं कदाचित सर्वांत महत्त्वाचं आहे, आणि ते विषाणूबद्दल नाही. लहान मुलांत, विशेषतः थोड्याच जागेवर भाजलेल्या आणि घरी सोडलेल्या मुलांत, पहिल्या काही दिवसांत टॉक्सिक शॉक सिंड्रोम होऊ शकतो. जखमेवरचा स्टॅफिलोकॉकस हा जिवाणू विष सोडतो. ३९ अंशांच्या आसपास किंवा वर ताप, लालसर पुरळ, उलट्या-जुलाब, मूल मलूल पडणं, लघवी कमी होणं ही त्याची लक्षणं. जखम मात्र वरून अगदी स्वच्छ दिसू शकते, आणि म्हणूनच फसायला होतं. काही तासांत मूल अत्यवस्थ होऊ शकतं. लगेच रुग्णालय गाठा आणि “मूल भाजलेलं आहे” हे पहिल्याच वाक्यात सांगा.

१५. विषाणूवरची औषधं किती सुरक्षित आहेत? किडनीवर परिणाम होतो म्हणतात.

हर्पीस आणि कांजिण्यांसाठी असायक्लोव्हिर. मोठ्या भाजण्यात किंवा फोड पसरत असतील तर ते शिरेतून, सहसा दर ८ तासांनी देतात. ते घाईने दिलं किंवा शरीरात पाणी कमी असलं तर त्याचे स्फटिक किडनीत साठतात. म्हणून ते साधारण तासभर सावकाश चालवतात, सलाइन पुरेसं देतात आणि किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन वरचेवर तपासतात. किडनी आधीच दुखावलेली असेल तर डोस कमी करतात. डोस किडनीला जास्त झाला तर रुग्ण असंबद्ध बोलू लागतो, थरथरतो. रुग्ण अचानक भ्रमिष्टासारखं वागू लागला तर सिस्टरना सांगा.

सीएमव्हीसाठी गॅन्सिक्लोव्हिर. त्याने पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घटतात, म्हणून रक्ततपासणी वारंवार होते. त्याला दाद न देणाऱ्या विषाणूसाठी फॉस्कार्नेट आहे, पण ते किडनी आणि रक्तातल्या क्षारांच्या दृष्टीने आणखी जपून वापरावं लागतं. ही औषधं विषाणूची वाढ रोखतात. लपून बसलेला विषाणू ती शरीरातून पुसून टाकत नाहीत.

१६. मग सगळ्यांनाच आधीपासून असायक्लोव्हिर का देत नाहीत?

प्रत्येक भाजलेल्या रुग्णाला ते देण्याचा फायदा सिद्ध झालेला नाही आणि दुष्परिणाम खरे आहेत. चेहरा भाजलेल्या आणि पूर्वी ओठावर वारंवार फोड येत असलेल्या रुग्णांना काही केंद्रांत ते प्रतिबंधासाठी देतात, काहींत फक्त बारीक लक्ष ठेवतात. तुमच्या रुग्णाच्या ओठावर असे फोड येत असत का, हे दाखल करतानाच सांगून ठेवा. ही माहिती डॉक्टरांना दुसरीकडून मिळत नाही.

१७. रक्त चढवलं, दान केलेली कातडीही लावली. त्यातून एचआयव्ही, कावीळ येईल का?

रक्त आणि दान केलेली त्वचा, दोन्हींची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी यांसाठी तपासणी होते. उरतो तो ‘विंडो पीरियड’चा धोका : दात्याला संसर्ग अगदी नुकताच झाला असेल तर तपासणीत तो सापडत नाही. थेट विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी न्यूक्लिइक अ‍ॅसिड चाचणी जिथे करतात तिथे हा काळ बराच कमी होतो. धोका शून्य नाही, पण फार लहान आहे. मोठ्या भाजण्यात रक्त किंवा कातडीच्या आवरणाविना राहण्याचा धोका त्यापेक्षा कितीतरी मोठा असतो.

सीएमव्हीची गोष्ट वेगळी. तो इतक्या लोकांमध्ये असतो की दात्यांमध्येही असणारच. पांढऱ्या पेशी गाळून काढलेल्या रक्ताने त्याचा धोका खूप घटतो. ग्लिसरॉलमध्ये जतन केलेल्या त्वचेतल्या पेशी जिवंत नसतात. गोठवून जतन केलेल्या त्वचेत त्या जिवंत असू शकतात, आणि अशा त्वचेतून सीएमव्ही येण्याची शक्यता जास्त. कोणत्या प्रकारची त्वचा लावणार, हे विचारायला काही हरकत नाही.

१८. रुग्णाला आधीपासून एचआयव्ही आहे. सांगितलं तर उपचार नाकारतील का? जखम भरेल का?

जरूर सांगा. एचआयव्हीची औषधं भाजल्यानंतरही चालू राहणं अत्यावश्यक आहे, आणि न सांगितल्यामुळे ती बंद पडणं ही खरी हानी आहे. गिळता येत नसेल तर नळीतून देता येतील असे पर्याय डॉक्टर शोधतात. औषधं नियमित असून विषाणू दबलेला असेल तर जखमा भरतात, ग्राफ्टही धरतात. सीडी४ पेशी (एचआयव्ही ज्यांच्यावर हल्ला करतो त्या संरक्षक पेशी) फार कमी असतील तर मात्र हर्पीस, सीएमव्ही आणि नागीण यांसाठी अधिक सावध राहावं लागतं. वॉर्डातली काळजी सगळ्या रुग्णांसाठी सारखीच घेतली जाते, कारण कोणाच्या रक्तात काय आहे हे दिसत नाही. ही माहिती गुप्त ठेवणं हे उपचार करणाऱ्यांचं कर्तव्य आहे.

१९. पट्टी बदलताना माझ्या हातावर रक्त लागलं, किंवा सुई टोचली. आता काय?

अखंड कातडीवर रक्त लागलं तर साबणाने धुवा. त्यातून धोका जवळपास नसतो. सुई टोचली किंवा चिरेवर रक्त गेलं तर वाहत्या पाण्यात साबणाने धुवा. बोट पिळू नका, चोखू नका, त्यावर ब्लीच ओतू नका. लगेच डॉक्टरांना कळवा. एचआयव्ही असलेल्या माणसाच्या रक्ताची सुई टोचल्यास संसर्गाची शक्यता साधारण ०.३ टक्के असते, आणि प्रतिबंधक औषधं ७२ तासांच्या आत, शक्यतो पहिल्या काही तासांतच सुरू केली तर ती आणखी कमी होते. हिपॅटायटिस बी याहून कितीतरी सहज पसरतो, पण त्याला लस आहे. घरी बराच काळ ड्रेसिंग करावं लागणार असेल तर ती घेऊन ठेवा.

२०. भेटायला कोणी येऊ नये?

सर्दी-खोकला-ताप असलेल्यांनी. जुलाब-उलट्या होत असलेल्यांनी, आणि थांबल्यानंतरही किमान दोन दिवस. ओठावर ताजा फोड असलेल्यांनी चेहरा भाजलेल्या रुग्णाजवळ किंवा मुलाजवळ जाऊ नये. अगदी आईच असेल आणि यावंच लागणार असेल तर मास्क, धुतलेले हात, आणि खपली धरेपर्यंत पापा नाही. नागीण झालेल्या माणसाच्या फोडांतून कांजिण्यांचाच विषाणू पसरतो, त्यामुळे खपल्या धरेपर्यंत त्यांनीही थांबावं.

गरोदर स्त्रियांनी कांजिण्या आलेल्या रुग्णापासून पूर्ण दूर राहावं, जर त्यांना स्वतःला कांजिण्या किंवा लस झालेली नसेल. सीएमव्ही लाळ आणि लघवीतून पसरतो, हवेतून नाही. भेटायला हरकत नाही, पण लाळ-लघवीचे कपडे हाताळणं दुसऱ्याकडे द्यावं आणि हात नीट धुवावेत. तान्ह्या बाळाला हर्पीसचे फोड असलेल्या रुग्णाजवळ नेऊ नका. पहिल्या महिन्यात हा संसर्ग फार गंभीर होतो.

हातांबद्दल एक बारकावा. दाराशी ठेवलेलं अल्कोहोलचं द्रव हर्पीस, फ्लू, कोविड यांवर चांगलं चालतं. जुलाबाच्या नोरोव्हायरसवर मात्र ते अपुरं पडतं. वॉर्डात जुलाबाची साथ असेल तर साबण आणि पाणीच वापरा.

२१. आधी निगेटिव्ह असलेला रिपोर्ट उपचारानंतर पॉझिटिव्ह आला. रुग्णालयात लागण झाली ना?

कदाचित नाही. रक्त, प्लाझ्मा किंवा प्रतिपिंडांची इंजेक्शनं दिली की दात्याच्या प्रतिपिंडांमुळे रुग्णाच्या रक्तात आयजीजी काही काळ पॉझिटिव्ह दिसू शकतं. विषाणू नसतोच, नुसते उसने प्रतिपिंड असतात, आणि ते काही महिन्यांत नाहीसे होतात. हिपॅटायटिस बीची लस घेतल्यावरही पुढचे दोन-तीन आठवडे एचबीएसएजी ही हिपॅटायटिस बी शोधणारी चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. म्हणून शक्य असेल तर रक्त चढवण्याआधीचा नमुना राखून ठेवतात. नसेल तर पीसीआर करतात किंवा काही महिन्यांनी चाचणी पुन्हा करतात. तोवर कोणावर आरोप करू नका आणि रुग्णाला घाबरवू नका.

२२. मुलाची गोवराची आणि कांजिण्यांची लस राहिलीय. घरी आल्यावर लगेच द्यायची का?

लगेच नाही. उसने प्रतिपिंड (प्रश्न २१) जिवंत विषाणूच्या लशीला निष्प्रभ करतात. मुलाला काय चढवलं त्यानुसार ३ ते ११ महिने थांबावं लागतं. डिस्चार्ज कार्डावर रक्त, प्लाझ्मा आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) यांच्या तारखा लिहून घ्या, नाहीतर पुढचे डॉक्टर हा हिशेब करू शकणार नाहीत. धनुर्वात, हिपॅटायटिस बी, फ्लूची इंजेक्शनची लस यांना ही अडचण नाही.

२३. घरी शेळ्या-मेंढ्या आहेत. भरत आलेल्या जखमेला त्यांच्यापासून काही होतं का?

क्वचित. त्यांच्या तोंडाला फोड आणणारा ऑर्फ नावाचा विषाणू उघड्या भाजलेल्या जखमेत शिरू शकतो. जखम पूर्ण बंद होईपर्यंत जनावरं आणि त्यांचं कच्चं मांस हाताळू नका. अशा जागी लालसर, फुगीर गाठ उठली तर डॉक्टरांना जनावरांबद्दल आठवणीने सांगा. बहुधा ती काही आठवड्यांत आपोआप बसते.

२४. वर्षानंतर चेहऱ्यावरच्या जखमेच्या खुणांवर लेसर करायचंय. वॉर्डात असताना हर्पीस झाला होता. तो पुन्हा येईल का?

येऊ शकतो. लेसरमुळे त्या भागावर पुन्हा छोटी इजा होते, आणि विषाणू त्याच नसांच्या गाठीत असतो. कातडीचा वरचा थर काढणाऱ्या लेसरच्या आधी आणि नंतर काही दिवस असायक्लोव्हिर किंवा व्हॅलासायक्लोव्हिरच्या गोळ्या देण्याची पद्धत आहे. वॉर्डात तुम्हाला हर्पीस झाला होता हे लेसर करणाऱ्या डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा आणि जुना रिपोर्ट दाखवा. कडक उन्हानेही तो उठतो, त्यामुळे चेहरा उन्हापासून जपा. ठरलेल्या दिवशी ओठावर फोड असेल तर लेसर पुढे ढकला.